टॉवेलखालचा हात

हेमांगीने जोर लावला आणि स्क्रूड्रायव्हर पुन्हा निसटला. बाइकच्या ब्रेक ऑइलच्या डबीचा स्क्रू वर्सोव्याच्या खाऱ्या वाऱ्याने गंजून घट्ट बसला होता आणि त्याची खाच पार घासत आली होती. "ड्रिलच मारते आता," ती वैतागली. "थांब गो बाय," ओट्यावरून बाबा म्हणाले. कंपवाताने थरथरणारा उजवा हात ते टॉवेलखाली झाकून ठेवत. आज टॉवेल बाजूला टाकून त्यांनी छोटी हातोडी उचलली आणि तिने खाचेत धरलेल्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर नुसती टेकवली. टकटकटकटक. हात थांबेना, गंजाची लाल भुकटी सुटू लागली. "होडीच्या इंजिनाचे स्क्रू असेच ठोकून सोडवायचो, तेव्हा हात भरून यायचा. आता आपसूक," बाबा हसले. "फिरव." स्क्रू अलगद फिरला. हेमांगी त्या हाताकडे बघतच राहिली. बाबांनी हात झाकायला पुन्हा टॉवेल मागितला. तिने त्या टॉवेललाच आपले तेलकट हात पुसले.