जुनीचा आवाज

आपली जुनी बेस गिटार कुणीतरी वाजवतंय, हे भास्करने दगडी गडग्याबाहेरूनच ओळखलं. घरातलं माणूस नुसत्या खोकण्यावरून ओळखावं, तसं. तोच भरदार, जमिनीतून वर येणारा आवाज. महिनाभर तो याच आवाजासाठी तडफडत होता. याच्यासाठीच रत्नागिरीहून दापोलीपर्यंत एसटीचे धक्के खात आला होता. त्याने खांद्यावरची हलकी गिटार सावरली आणि फाटक ढकलण्याआधी घोकलेलं वाक्य पुन्हा एकदा मनात म्हटलं. माझी मला परत द्या, तुमची तुम्ही घ्या.

गिटारींची अदलाबदल त्यालाच हवी होती. दिवसा आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीचं स्टोअर सांभाळायचं आणि शिमग्याला, गणपतीला, लोकांच्या हळदीला सुजयच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायची, असं त्याचं कॉलेज सुटल्यापासून चाललं होतं. ती गिटार म्हणजे निव्वळ धोंडा. कार्यक्रम संपला की डावा खांदा काढून खुंटीला टांगावासा वाटे. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, वजन सोडा, नाहीतर वाजवणं सोडा. त्याच आठवड्यात मोबाइलवर रितेशची जाहिरात दिसली. दापोलीला शेतकी शिकणारा हा मुलगा हलकी गिटार देऊन जड मागत होता. रत्नागिरीच्या स्टँडवर उभ्याउभ्या सौदा झाला. भास्करची बायको उमा म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हासुद्धा एवढी घाई केली नव्हतीत."

हलकी खरोखरच हलकी होती. खांदा दुखायचा थांबला. एक खोड तेवढी होती. अंग हलकं असल्यामुळे तिची मान सारखी खाली झुकायची आणि तिला उजव्या कोपराने दाबून धरावं लागायचं. त्याची सवय झाली. आवाजाची मात्र होईना. पत्र्यावर काठी आपटावी तसा कोरडा आवाज. भास्करने तारा बदलल्या. बटणं पिळून पाहिली. पट्टा आखूड केला, लांब केला. जेवतानाही तो ताटाच्या कडेवर बोटं वाजवत बसायचा, तेव्हा उमाने एकदा ताटच ओढून घेतलं.

मग काल तालमीत सुजयने, त्याच्याकडे न बघता, सगळ्यांना सांगितलं की यंदा शिमग्याला बेस कीबोर्डवरच घेऊ. भास्करदादा हवं तर पुढे बसून ऐकतील. ड्रमवाल्याने उगाच काठी पुसली. खांदा गेला तर गेला, पण जुनी परत आणायची, असं भास्करने तिथंच ठरवलं.

तो फाटकातून आत शिरला, घरापुढचं खळं ओलांडून पडवीशी आला आणि थबकला.

पडवीत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पाटावर बसून वाजवत होती. तिच्या मांडीवर खेळण्यातली वाटावी अशी छोटीशी बेस गिटार होती, वायरने शेजारच्या स्पीकरला जोडलेली. तारांखाली एक लाल टिकली चिकटवलेली. पोरं वह्यांवर काय काय चिकटवतात, तशी. भास्करची जुनी मागे भिंतीला टेकून गप्प उभी होती.

आवाज चालूच होता. भास्करने इकडेतिकडे पाहिलं. तिसरी गिटार कुठेच नव्हती.

रितेश बाहेर आला. त्याने भास्करकाकांना ओळखलं, पाणी दिलं, ही माझी बहीण आरोही, म्हणून सांगितलं. मोठी गिटार मी वाजवतो, हिला ती उचलत नाही, म्हणून हिला ही छोटी घेऊन दिली, असंही सांगितलं. भास्करचं घोकलेलं वाक्य पाण्याबरोबर पोटात गेलं.

"हा आवाज एवढ्याशा गिटारीतून कसा काढतेस गो?" त्याने विचारलं.

विहिरीत पाणी कुठून येतं असं मोठ्या माणसाने विचारावं, तसं आरोहीने त्याच्याकडे पाहिलं.

"तुमच्या गिटारीवर पॉलिश उडालंय ना काका, तिथंच बोटं ठेवायची. मी दोऱ्याने माप घेतलं आणि आईची टिकली लावली." मग तिने बोटं टिकलीवरून उचलून मागे, तारा जिथे बांधलेल्या असतात त्या घोडीजवळ नेली आणि एक सूर वाजवला. पत्र्यावर काठी आपटली. "इथं वाजवलं की असं होतं."

रितेशने जुनी उचलून काकांच्या हातात दिली. तारांखाली, मानेच्या जवळ, दोन बोटांएवढं लाकूड उघडं पडलं होतं. इतक्या वर्षांत भास्करने ती जागा कधी पाहिली नव्हती. ती कायम त्याच्या हाताखालीच असायची. त्याने बोटं टेकवली. जुन्या चपलेत पाय जावा तशी ती तिथं बसली.

त्याने जुनी खाली ठेवली आणि पिशवीतून हलकी काढून गळ्यात घातली. तिची मान झुकली. सवयीने त्याने कोपराने तिला दाबून धरलं आणि मग मान खाली घालून, पहिल्यांदाच, स्वतःच्या हाताकडे नीट पाहिलं. कोपर मागे गेलं होतं आणि त्याच्यामागोमाग हातही. बोटं थेट घोडीशी जाऊन बसली होती.

रितेशला वाटलं, काकांना मागायला संकोच वाटतोय. तो हळूच म्हणाला, "तुमची तुम्हाला न्यायची असली तर न्या काका. माझं काही म्हणणं नाही."

भास्कर तसाच, गिटार गळ्यात घेऊन, आरोहीसमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"आईकडे अजून एक टिकली मिळेल का गो?"