निळा पट्टा

पहिलं फूल उमललं ते राणी रंगाचं.

धर्मपाल वाकून बघत राहिला. ऊन चढत गेलं तसं दुसरं उमललं, तिसरं उमललं, आणि बघता बघता अख्खा पट्टा राणी होऊन बसला. शेजारचे पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी हे पट्टे मात्र शहाण्या पोरांसारखे आपापल्या रंगात फुलले होते. नवा रायपुरातल्या विहारासमोर, जयंतीच्या सकाळी, फुलांचा पंचशील ध्वज उघडत होता. फक्त त्यातला निळा गुलाबी निघाला होता.

"पापा, ये तो पिंक है," पायल म्हणाली. लेकीला मराठी सगळी कळते, बोलते मात्र हिंदीत.

"दिसून राहिलं मले."

दर उन्हाळ्यात पाणी आटलं की विहारासमोरचं लॉन जळायचं, म्हणून अध्यक्ष भैय्यालाल मेश्राम तिथे सिमेंटचे गट्टू बसवायला निघाले होते. रेल्वेतून रिटायर झालेल्या धर्मपालने एक मोका मागून घेतला. आपण ज्याला ऑफिस टाइम म्हणतो आणि इकडे दसबजिया, ते जाड पानांचं रोप पाण्यावाचून जमीन झाकतं. जयंतीला त्याचा ध्वज फुलवून दाखवतो, नाही जमलं तर खुशाल गट्टू टाका, असं तो सगळ्यांसमोर बोलून बसला.

चार रंगांच्या काड्या त्याने ओळखीच्या घरांतून आणल्या. निळ्याचं बी मात्र मोबाइलवर फोटो बघून मागवलं. "एक तरी फूल आधी उमलू द्या," असं सरिताने, त्याच्या बायकोने, तेव्हाच सांगितलं होतं. पण ध्वज उघडेल तो जयंतीलाच, या हट्टापायी धर्मपाल रोज कळ्या खुडत राहिला. काल कळ्यांची टोकं जांभळट दिसली, तर ती त्याने निळी ठरवून टाकली. हौसेला मोल नसतं म्हणतात. डोळेही नसतात.

भैय्यालाल आले, पट्ट्यांपाशी थांबले.

"धर्मपालजी, निळा कुठं गेला?"

"बीवाल्यानं फसवलं मले."

"मंग? जयंतीले बिननिळ्याचा झेंडा दाखवता लोकाईले?" भैय्यालाल रागावले नव्हते, त्यांनाही वाईटच वाटत होतं. "गट्टूवाला दुपारी येऊन राहिला, भाऊ."

धर्मपालला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात फाटकातून महिला मंडळ आत आलं. जयंतीसाठी सगळ्यांनी पंडरीच्या कापडबाजारातून एकसारख्या साड्या आणल्या होत्या, गडद निळ्या. सरिता पुढे होती. तिने पट्टा बघितला, नवऱ्याचं तोंड बघितलं आणि पदर खोचला.

"कुसुम, उपट हे."

धर्मपाल "अवं, अवं" करेपर्यंत बायकांनी राणी रोपं मुळांसकट काढून बाजूला ढीग लावला.

"काहून घाबरता? कुठंबी खोचा, लागते हे," सरिता म्हणाली, आणि मोकळ्या पट्ट्यात मांडी घालून बसली. तिच्यामागे कुसुम, कुसुमच्या मागे बाकीच्या.

"पापा, ऊपर चलो," पायलने बापाचा हात धरला. भैय्यालालही मागोमाग जिना चढले.

गच्चीवरून खाली बघितलं तर निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. एकही रंग कमी नव्हता. भैय्यालालांनी खिशातून फोन काढला, गट्टूवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं, आणि तोच फोन फोटोसाठी खाली रोखला.

खाली कोणीतरी कोणाला कोपर मारलं असावं. हसू निळ्या पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं आणि अख्खी रांग डुलू लागली.

"बाई, हलू नका ना, फोटो बिघडून राहिला," भैय्यालाल वरून ओरडले.

सरिताने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं.

"झेंडा हाय, भाऊ. हलनार नाही तं काय करन?"