अण्णांचा डबा

जुन्या गाड्या विकणाऱ्या पोपटशेठनी पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. "तिलाच विचारा की, ताई."

"मला एका डॉक्टरांनी वापरलंय. पुराचं पाणी कधी पाहिलं नाही," गाडी गोड आवाजात म्हणाली.

गाड्यांना माणसांशी खोटं बोलायला शिकवता येतं, हे सांगलीत आता शेंबडं पोरही जाणत होतं. गाडी गाडीशी मात्र खोटं बोलत नसे. म्हणून लोक खरेदीला आपल्या जुन्या गाडीचा बोलका डबा घेऊन येत. हेमांगीने पर्समधून वडिलांच्या, अण्णांच्या गाडीचा डबा काढला. वैशाखात अण्णा गेले, मग गाडी भंगारात गेली. त्यांची बडबड ऐकून त्यांच्यासारखाच बोलणारा हा डबा तेवढा उरला होता. वायर जोडून तो कुठल्याही गाडीशी बोले, पण दुसऱ्या गाडीत एकदाच बसवता येई. ती गाडी बंद पडली की तोही कायमचा गप्प.

तिने डब्याची वायर पांढऱ्या गाडीला जोडली.

"सीटपर्यंत बुडालीय ही," डबा म्हणाला. "वर अत्तर शिंपडलंय. शेठ, गाडी विकताय का वरात काढताय?"

"डबा बिघडलाय तुमचा," शेठ पुटपुटले.

कोपऱ्यातल्या, अजून काही न शिकवलेल्या निळ्या गाडीला राहवलं नाही. "माझं मागचं दार नीट लागत नाही, आधीच सांगते. बाकी ठणठणीत."

हेमांगीने तिला वायर जोडली. डब्याने निळ्या गाडीची एकेक गोष्ट विचारून घेतली.

"खरं बोलतेय गं," तो शेवटी म्हणाला. "हिच्यातच बसव मला."

व्यवहार झाला. डबा बसवून हेमांगीने गाडी रस्त्यावर काढली.

"क्लचवरचा पाय काढ, पोरी! जाळतेस काय?"

हेमांगी खळखळून हसली. अजून थोडं रागावून घ्यावं म्हणून तिने पाय मुद्दाम तिथंच ठेवला.