लिफ्टच्या दाराशी

लग्नानंतर बायको माझ्याकडे परदेशात येऊन दीडच महिना झाला होता. इथल्या भाषेशी तिची तोंडओळखही नव्हती. एका दुपारी मी बेकरीत कामावर असताना तिचा फोन आला, "शेजारच्या आजी लिफ्टमध्ये अडकल्यात, फार घाबरल्यात!" दुरुस्तीवाल्याला कळवून मी पिठाच्या हातांनीच निघालो. दोन बस बदलून पोचलो, तेव्हा लिफ्टचं दार नुकतंच उघडलं होतं. आजी हिचा हात सोडेनात. मला म्हणाल्या, "तासभर ही दाराला टेकून बोलत होती. एक शब्द कळला नाही, पण हिच्या आवाजावरच तग धरला मी." माझा ऊर भरून आला. घरात शिरल्यावर विचारलं, "एवढं काय बोललीस गं?" ती ओशाळून हसली. "आईला सांगत नाही ते सगळं. किती एकटं वाटतं, किती रडू येतं. आजींना मात्र कळू देऊ नकोस. त्यांना वाटतंय, मी धीर देत होते."