उजवा हात

"आई, हरलीस तर दुकान बंद. मागाहून रडारड नको."

"आणि जिंकले तर हा विषय बंद," घड्याळवाली म्हणाली.

टेबलावर पैशांऐवजी घड्याळांतले संपलेले सेल, दोघांना चाळीस-चाळीस. दर डावाला एकेक सेल मध्ये टाकायचा. पाचच्या ठोक्याला ज्याच्याकडे जास्त, तो जिंकला. पानं सून वाटत होती.

पोकर मुलानंच शिकवलेलं. "तोंड बघू नकोस, तोंड खोटं बोलतं," तो सांगायचा. "हात बघ. भारी पानं आली की भल्याभल्यांचा हात थरथरतो."

पहिले सहा डाव घड्याळवाली सोडत राहिली. करायचं ते डाव्या हातानं, उजवा मांडीवर. चाळिसाचे चौतीस झाले. तीस वर्षांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान असं पत्त्यांवर लागलेलं.

पाचला दहा कमी असताना मुलानं एकदम नऊ सेल सरकवले. तिनं आपली पानं पाहिली, उजवा हात वर घेतला आणि होते नव्हते तेवढे सगळे सेल पुढं लोटले. बोटं इतकी थरथरत होती, की दोन सेल घरंगळून जमिनीवर गेले.

मुलगा त्या बोटांकडे बघत राहिला. त्याच्याकडे राण्यांची जोडी होती.

"अगं, जरा दम धर!" तो हसला. "घे, सोडला डाव. पुढच्याला वसूल करतो."

पुढच्या डावाला तिनं पानं न बघताच टाकली. त्याच्या पुढच्यालाही. आणि त्याच्याही.

"हा काय रडीचा डाव, आई?"

"रडीचा कसला? तुझ्यापेक्षा पुढं आहे मी, मग कशाला उगाच उड्या मारू?"

पाच वाजले. तिच्याकडे एक्केचाळीस, त्याच्याकडे एकोणचाळीस.

"मघाशी काय होतं, ते तरी दाखव."

"बघायचं होतं तर सेल लावायचे होतेस."

त्यानं दुकानाची किल्ली तिच्यापुढं ठेवली आणि पाय आपटत आतल्या खोलीत गेला.

"मघाची पानं गोळा करताना मी पाहिली, आई," सून हळूच म्हणाली. "एकाचा एकाला मेळ नव्हता."

"नसेना का."

घड्याळवालीनं किल्ली उचलली. खेळ संपला होता, तरी हात थांबत नव्हता. किल्ली टेबलाच्या कडेवर टकटक वाजत राहिली.

सुनेनं त्या हाताकडे पाहिलं. मग आतल्या खोलीकडे. उठून तिनं मधलं दार लोटून घेतलं.

"सकाळी दुकान किती वाजता उघडायचं आपण?"