बारावा चमचा

सोन्याचा मुलामा दिलेले, चांदीचे बारा जुने इंग्लिश चमचे उपेंद्रकडून विकत घ्यायला अबुधाबीहून एक संग्राहक निघाला होता. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या फ्लॅटमध्ये त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. खिडकी, दार, पुन्हा खिडकी.

"एक काळपट दिसला, म्हणून चिंचेने घासला," गावाहून आलेली आई ओल्या हातानेच बाहेर आली. "वरचं सोनं गेलं रे. पण खाली चांदी नाही, पितळ आहे. वास घेऊन बघ."

उपेंद्रने चमचा हुंगला. लहानपणच्या पितळी तांब्याला यायचा तोच वास.

बेल वाजली. चमचा आईच्या हातात परत देऊन त्याने दार उघडलं.

"सॉरी हबीबी, आता अकराच राहिलेत," तो हसून म्हणाला. "एक आईला फार आवडला."