कोपराखालचा रंग

"सगळा रंग काढून टाका," रंगनाथ म्हणाले. "पहिल्यासारखी निळीशार करून द्या."

"हात तर लावून दाखवा!" दुर्गाबाईंनी गिटारची बॅग पोटाशी धरली.

हडपसरपासून मंडईपर्यंत बसमध्ये दोघं एका शब्दानं बोलले नव्हते. आता दुकानाचा जिना चढून खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू झालं. सलिल इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करायचा, रंगवायचा. नवरा-बायकोंची भांडणं सोडवणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. त्यानं दोघांना पाणी दिलं.

"बॅगेच्या खिशात तुमचं कार्ड सापडलं," रंगनाथ म्हणाले. "आमचा साई यायचा ना इथं?"

"यायचा. कळलं मला, काका. फार वाईट झालं."

सलिलनं गिटार बाहेर काढली आणि टेबलावर पालथी ठेवली. रंगनाथांनी ती सरळ केली.

"हे बघा."

वाजवताना उजवा हात जिथं टेकतो, तिथला रंग साफ उडाला होता. तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं होतं. कडेचा निळा विटत विटत पांढुरका झाला होता.

"बघितलं," सलिल म्हणाला. "काढून टाकू. आठवड्यात देतो, दुकानातून आणल्यासारखी."

"तुम्हाला काय, घासायला मिळालं की झालं!" दुर्गाबाई कडाडल्या. "माझ्या लेकराचा हात आहे तो. रोज दिवा लावला की मी माझा हात ठेवते तिथं. तोही पुसून टाका. मग काय राहिलं आमच्याकडं?"



रंगनाथ अठ्ठावीस वर्षं कारखान्यात फिटर होते. हत्यारावर कधी गंजाचा ठिपका पडू दिला नाही असा माणूस. चार वर्षांपूर्वी पोरानं हट्ट धरला म्हणून ही गिटार घेऊन दिली, कोरी करकरीत. वर बजावलं, तीन वर्षं देतो, मेहनत करून दाखव, नाहीतर गुमान नोकरी धर. साई विश्रांतवाडीला मित्रांच्या खोलीवर राहायला गेला. फोन केला की रंगनाथ एकच विचारायचे, वाजवतोस की नुसता लोळतोस?

मुदत संपली त्या दिवाळीत साई घरी आला. बॅग उघडून गिटार त्यानं बापाच्या मांडीवर ठेवली. "बघा ना, बाबा," म्हणाला. रंगनाथांनी बघितली आणि त्यांचं डोकं सटकलं. "सोन्यासारखी वस्तू दिली होती. भंगार करून आणलीस! कामचोराला वस्तू जपायचीसुद्धा अक्कल नसते!"

पोरगं गिटार बॅगेत घालून उठलं. भाऊबीजेचं जेवण करून निघून गेलं. पंधरा दिवसांनी आळंदी रस्त्यावर त्याची बाइक टँकरखाली आली.

तेराव्याला भाचा केदार आला होता. तोही थोडंफार वाजवायचा. गिटार बघून तो म्हणाला, "मामा, एवढा रंग उडायला रोज सात-आठ तास बसावं लागतं हो. तीन वर्षांत अशी झालेली मी तरी पाहिली नाही."

त्या दिवसापासून रंगनाथांना गिटार ठेवलेल्या खोलीत घास गिळवेना. अंगावरचे कपडे सैल पडले. आणि बाईंना ती गिटार सोडवेना. आता वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं.

दुर्गाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि आपला हात हळूच त्या उघड्या लाकडावर ठेवला. रंगनाथ बघत राहिले.

"राहू द्या," शेवटी ते म्हणाले. "हिचं बरोबर आहे. रंगवू नका. नुसती पुसा, नव्या तारा चढवा. त्याच्या फोटोशेजारी टांगतो. श्राद्धाला येईल त्याला सांगतो, माझ्या पोरानं हात झिजवले आणि मी त्याला कामचोर म्हणालो. मरेपर्यंत रोज बघेन. हीच माझी शिक्षा."

"काकू, माझं ऐका," सलिल म्हणाला. "रंगवूनच घ्या."

"अहो, नको म्हणतोय ना मी!" रंगनाथांचा आवाज चिरकला. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या गालावर फाडफाड मारून घेतलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा सलिलनं त्यांचे हात धरले.

"काका, थांबा. असं नका करू. तुमची काही चूक नाही." त्यानं हात सोडले. "तो रंग वाजवून उडालेला नाही."

"म्हणजे?"

"मी घासलाय. ह्याच टेबलावर, पॉलिश पेपरनं. दोन दिवस लागले. हल्ली पोरं करून घेतात, गिटार जुनी दिसावी म्हणून. दसऱ्यानंतर साई घेऊन आला तेव्हा तिच्यावर एक ओरखडा नव्हता."

दुर्गाबाईंनी हात उचलला. कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

"तीन वर्षं काय करत होता मग?" रंगनाथांनी विचारलं.

"गोडाऊनमध्ये पार्सलं उचलायचा, दोन-दोन पाळ्या. खोलीचं भाडं, जेवण, सगळं त्यातूनच. गिटार बॅगेतून काढायलाही वेळ मिळत नाही म्हणायचा."

"अहो, मग घासून कशाला घेतली?" दुर्गाबाईंनी विचारलं.

सलिलनं मान वर केली नाही.

"'रोज वाजवल्यासारखी दिसू द्या,' म्हणाला, 'बाबा एकदा तरी शाबास म्हणतील.'"